तीन राउटर आणि एक आत्या

आमचं राजापेठेतलं घर रुंदीला बेताचं आणि लांबीला बेताल. रस्त्यावर हारांचं दुकान, त्यामागे बैठक आणि स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे न्हाणी, हार ओवायची पडवी आणि एक मोठी खोली. सासऱ्यांनी हे घर तीन हप्त्यांत बांधलं. दर वेळी मागची भिंत न पाडता तिच्यातच एक दार काढायचं आणि पलीकडे खोल्या वाढवायच्या, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे आमच्या घराच्या पोटात अशा दोन भिंती आहेत की खिळा ठोकायला जावं तर खिळाच वाकतो. अमरावतीच्या उन्हाळ्यात त्या भिंतींना मी दुवा देत आले. मग घरात वाय-फाय आलं आणि त्याच भिंतींनी माझा छळ मांडला.

तो छळ मी कधीच मनावर घेतला नसता. पण गोष्ट माझ्या मुलीची होती.

झालं असं की आम्हाला नातू झाला. सुनेचं बाळंतपण आमच्याच घरी झालं, मागच्या मोठ्या खोलीत ती आणि बाळ. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि बाळाची सख्खी आत्या म्हणजे माझी मुलगी. ती अकोल्याला दिलेली. बाळाच्या जन्माची बातमी ऐकून पेढे आणायला निघाली ती जिन्यावरून घसरली, आणि पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने पलंगावरून हलायचं नाही. बारसं सव्वा महिन्यावर. तारीख पुढे सरकवावी तर मुलाला पुण्याहून तेवढीच सुट्टी मिळालेली.

तेव्हा आमच्या पुतणीचा अचलपूरहून फोन आला. "काकू, मी आहो ना. मी ठेवतो नाव. आत्या ते आत्या."

बोलणं काही चुकीचं नव्हतं. चुलत का होईना, आत्याच ती. पण ती आणि माझी मुलगी म्हणजे लहानपणापासूनचा उभा दावा. पुतणी दोन वर्षांनी मोठी. गजरा आधी तिला, खिडकीची जागा आधी तिला, पुरणपोळीचा पहिला घास आधी तिला. माझ्या मुलीला हे कळलं तशी ती फोनवर रडायलाच लागली.

"आई, तिनं सारंच माह्याआधी घेतलं. एवढं एक तं राहू द्या मले. मी फोनवरून सांगतो नाव. कानाले फोन लावा, मी सांगतो."

आता मुलगी रडली की माझं डोकं चालणं बंद होतं आणि तोंड चालायला लागतं. मी सांगून बसले, "सांगजो. तूच सांगजो. मी पायतो कोण आडवं येते ते."

आडव्या आल्या त्या भिंती. पाचवीच्या पूजेला मी मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन घेऊन घरभर फिरले. दुकानात नेट झकास. पहिल्या दारातून आत आले तर मुलीचा चेहरा तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजला. परत लावला. दुसऱ्या दारात पुन्हा तेच. चार वेळा कॉल तुटला आणि शेवटी मुलीला पूजेतलं काय दिसलं, तर आमच्या बैठकीतला पंखा. मोबाइलच्या नेटचं तर नावच काढू नका. आमच्या दोन्ही अंगांना चार-चार मजले उठल्यापासून घरातला माणूस फोन आला की रस्त्यावर पळतो.

आमचे हे, म्हणजे बाळाचे आजोबा, सगळं पाहत होते. फुलांच्या धंद्यातला माणूस, घाईघाईत गाठ मारली की हार तुटतो हे त्यांना पक्कं ठाऊक. ते म्हणाले, "अवं, बारशात असं झालं तं? पोराच्या कानात नावाच्या जागी 'कनेक्टिंग' सांगशीन का? चारचौघात हसं होईन. आधी मले करून दाखव. मागच्या खोलीपासून दुकानातल्या पाळण्यापर्यंत फोन एक डाव बी तुटला नाई पायजे. तुटला तं पुतणी नाव ठेवीन. आता वाद नको."

बाळ मागच्या खोलीत न्हाऊन-माखून निघणार, आणि पाळणा टांगायचा दुकानात, कारण सगळ्यांत मोठी जागा तीच. मी मुलीला म्हटलं, पाळण्याजवळ पोचलो की फोन लावू, मधल्या चालण्याचं काय एवढं. तिला ते मान्य नव्हतं. "आत्या बाळाले घेऊन येते आई, मंधात येऊन बसत नाई." खरं होतं. बाळाला पाळण्यापर्यंत आणायचं ते आत्यानंच. हातात घेऊन आणता येणार नव्हतं, तर निदान फोनमधून सोबत चालावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पुण्याहून मुलानं सांगितलं, "आई, मी येताना नवा सेट घेऊन येतो. तीन डबे असतात, आपापसात जुळवून घेतात. तोपर्यंत तू कशाला हात लावू नको."

हात लावू नको. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. या पोराला अपूर्णांकांची बेरीज मी शिकवली, चुकली तेव्हा कानही मीच पिळला. आणि तो येणार बारशाच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा काही बिघडलं असतं तर माझी मुलगी अकोल्यात पलंगावर आणि नाव ठेवायला पुतणी, हे ठरलेलंच होतं. मी दिवाणाखालून दोन जुने राउटर काढले. एक आधीच्या कनेक्शनचा, एक मुलाच्या कॉलेजातला. त्यांच्यावरची धूळ पुसली आणि वही घेऊन बसले.

तीन दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि टिपणं काढली. खरं सांगते, इतकी मजा मला निवृत्तीनंतर कशातच आली नव्हती. मला कळलं ते असं. फोन हा पंगतीत पहिल्यांदा बसलेल्या पाहुण्यासारखा असतो, एकदा जागा धरली की उठत नाही. दुकानातल्या राउटरला धरलं की स्वयंपाकघरात येऊनही तो त्याचीच मरतुकडी रेघ धरून बसतो आणि ती तुटली की मग दुसरीकडे पाहतो. तेवढ्यात कॉल गेलेला असतो. त्याला न कळता एका राउटरवरून दुसऱ्यावर न्यायचं असेल तर तिन्ही राउटरचं नाव एकच पाहिजे, पासवर्ड एकच पाहिजे, म्हणजे त्याला सगळं घर एकच वाटतं. प्रत्येकाचा चॅनल मात्र वेगळा, नाहीतर तिघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. घरातल्या फोनांना पत्ते वाटायचं काम एकट्या मुख्य राउटरनं करायचं, बाकी दोघांचं ते काम बंद करून टाकायचं. आणि पुढच्या राउटरची ताकद थोडी कमी करायची, म्हणजे फोन त्याला वेळेवर सोडतो.

तिघांना जोडायला वायर आणली. दारांच्या चौकटींवरून ती मीच ठोकत नेली, स्टुलावर चढून. खाली आमचे हे स्टूल धरून उभे. "उतर वं, तू बी पाय मोडून घेशीन, मंग दोघी मायलेकी फोनवरूनच बारसं करा."

आमच्याकडे आधी दुकानातल्या नेटचं नाव 'दुकान' होतं. आता सगळ्यांचं मिळून एक नाव पाहिजे. मी 'झेंडू' ठेवलं. त्यावर कोणी वाद घातला नाही, कारण आमच्या घरात झेंडूनं सगळ्यांना पोसलं आहे. राहिला पासवर्ड. येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी पासवर्ड मागतो याचा मला मनस्वी राग आहे. माणूस पाणी प्यायच्या आधी पासवर्ड मागतो. म्हणून मी ठेवला 'काहून पायजे', म्हणजे 'कशाला हवाय'. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कोणी विचारलं तर खरंही सांगता येईल आणि टोमणाही होईल. स्वतःवर मी फार खूश झाले.

पुढचा राउटर मी बसवला, मधला मी बसवला. मागच्या खोलीत सून झोपलेली, तिथे लॅपटॉप वायरनं जोडून आमचे बसले आणि मी दुकानात गिऱ्हाईक सांभाळत तिथूनच ओरडून सांगत राहिले. "नाव झेंडू टाका. झेड, ई. आता पत्ते वाटायचं बंद करा. केलं? चॅनल अकरा. आता पासवर्ड, काहून पायजे." तिकडून आवाज आला, "झालं." लॅपटॉपवर नेट सुरू झालं. मी हात झटकले.

संध्याकाळी हार ओवणं संपल्यावर तालीम केली. बाळाच्या जागी एक उशी दुपट्यात गुंडाळली. ती आमच्या ह्यांच्या हातात, फोन माझ्या हातात, फोनमध्ये मुलगी. दुकानातून निघालो. पहिलं दार ओलांडलं, कॉल चालू. मुलीनं तिकडे टाळी वाजवली. बैठक, स्वयंपाकघर, दुसरं दार. मुलीचा चेहरा थिजला आणि कॉल गेला.

पुन्हा केलं, पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी वायर बदलली. चॅनल बदलून पाहिला. मागचा राउटर टेबलावरून कपाटावर नेला, कपाटावरून खिडकीत. ताकद कमी केली, वाढवली. लॅपटॉपवर वायरनं नेट छान, आणि फोन त्या दारातून आत आला की मेला. पुतणीचा फोन आला, "काकू, कशाले एवढा कुटाणा करून राहिल्या? मी येऊन राहिली ना." मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. चांगलं बोलले नाही.

खरं तर मी घाबरले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करून मुलीला शब्द दिला होता आणि आता तो माझ्या हातून मोडणार, असं वाटत होतं. दर तालमीनंतर मुलीचा आवाज बारीक होत चालला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, राहू दे. ताई ठेवीन नाव. तू नको डोकं फोडू." मला तेव्हा रडू आलं. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आपटली.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलीला रोजच्या गप्पांसाठी फोन लावला होता, फोन हारांच्या टोपलीला टेकवून ठेवलेला. मी वहीतल्या टिपणांवर एकेक खूण करत बसले, पेपर तपासताना करायचे तशी. नाव एक, बरोबर. पत्ते एकाकडे, बरोबर. पासवर्ड एक. मी सहज म्हटलं, "अजी, तुमी पासवर्ड काय टाकला होता?"

"तू सांगतला तोच."

"अक्षरं सांगा."

ते शेवंतीची जुडी बांधत होते, वर न पाहता म्हणाले, "के, ए, व्ही, यू, एन."

मी पेन खाली ठेवला. "व्ही?"

"मंग? कावून पायजे."

हिवरखेडला माझ्या माहेरी काहून. सासरी सगळे कावून. चौतीस वर्षं हा माणूस मला 'कावून' विचारतो आणि मी त्याला 'काहून' विचारते, आणि आजवर आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मी दुकानातून 'काहून' ओरडले, त्या दोन जाड भिंतींतून ते मागे पोचलं, आणि त्यांच्या कानात शिरताना 'कावून' झालं. पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसती टिंबं येतात, त्यामुळे कळायला मार्ग नाही. फोन बिचारा दुसऱ्या दारात झेंडूला ओळखायचा, काहून म्हणायचा आणि झेंडू त्याला हाकलून द्यायचा.

टोपलीला टेकलेल्या फोनमधून आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं मुलगी परत रडते. ती हसत होती. इतकी हसत होती की तिची सासू धावत आली, पाय हलवू नको म्हणून. "बाबा, बोला बरं पुन्हा. कावून म्हना." आमचे गंभीरपणे म्हणाले, "कावून." ती पुन्हा सुरू.

आता कोणाचा ठेवायचा यावर वाद झालाच. ते म्हणाले, "घर आमचं, बोली आमची, कावून ठेव." मी म्हटलं, "मी बी चौतीस वर्षं याच घरात भाकरी भाजून राहिली. आन् दोन राउटरवर काहून हाये, एकावर कावून. मोजा." गणितापुढे त्यांचं काही चाललं नाही. मागे जाऊन मी व्हीच्या जागी एच केला. एक अक्षर. त्या संध्याकाळी उशी दुपट्यात घालून आम्ही घरातून सहा वेळा पुढे-मागे चाललो, आणि कॉल एकदाही तुटला नाही. सहाव्या फेरीला आमचे उशीला झुलवत म्हणाले, "बाई, तूच ठेव याचं नाव." मुलगी म्हणाली, "उशीचं का?"

मी तिला म्हटलं, एकदा कानात सांगायचीही तालीम कर. ती तयार झाली नाही. "कुर्रर्र खऱ्या कानातच करतात आई. उशीच्या नाई."

मुलगा आला तो पुण्याचा नवा सेट घेऊन. मी त्याला फोन हातात देऊन घरभर फिरवलं. तो दोन वेळा फिरला, मग खोकं न उघडता दिवाणाखाली ठेवून आला. मला त्याच्याकडून तेवढंच पाहिजे होतं.

बारशाच्या दिवशी दुकान रिकामं केलं, हारांच्या आकड्याला पाळणा टांगला, आणि घरच्याच झेंडू-शेवंतीनं असा मढवला की पाळणा आहे की हाराचं गिऱ्हाईक आहे कळेना. पाहुणे आले आणि अपेक्षेप्रमाणे पासवर्ड मागायला लागले. मी प्रत्येकाला खरंच सांगितलं. "काहून पायजे." लोक ओशाळून म्हणाले, "नाई, सहज विचारलं काकू." एकानंही टाइप करून पाहिलं नाही. झेंडू सगळा माझ्या मुलीसाठी मोकळा राहिला.

पुतणी सकाळीच आली होती, जरीची साडी नेसून, हातात बाळाचं टोपडं आणि चांदीचा चमचा. मी तिला सांगितलं की नाव माझी मुलगीच फोनवरून सांगणार. ती म्हणाली, "ठीक हाये काकू." आणि पाळण्याजवळ उभी राहिली. मला वाटलं, कॉल तुटायची वाट पाहते आहे. मी तिला पाण्याचंही विचारलं नाही, हे आज लाज वाटून लिहिते.

निघालो. सुनेच्या हातात बाळ, माझ्या हातात फोन, फोनमध्ये मुलगी हिरव्या साडीत, पलंगावर पाठीला तीन उशा. तिनं तिथून बोलणं सुरू केलं. "चाल रे राजा. हे मोठं दार आलं. उंबरा आला. आता आजीचं स्वयंपाकघर, इथं तुले लाडू भेटतीन. आता बैठक." बाळ सुनेच्या खांद्यावरून आवाजाच्या दिशेनं डोळे फिरवत होतं. दोन्ही भिंती मागे पडल्या. कॉल तसाच. तसेच दुकानात आलो.

बायकांनी बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं आणि पाळण्यात ठेवलं. मी वाकून फोन बाळाच्या उजव्या कानाशी धरला. सगळं दुकान पाळण्याभोवती वाकलं. स्क्रीनवर मुलीचे ओठ हलले, आणि आवाज काहीच नाही.

ओठ पुन्हा हलले, पुन्हा काही नाही. पुण्याचा मुलगा माझ्या मागे कुजबुजला, "आई, नेट आहे. फोन बोलणं ठेवतो आणि घरघर गाळतो. पंखा, मिक्सर वगैरे. कुर्रर्र त्याला मिक्सर वाटतोय." आता भर समारंभात मी सेटिंग कुठे शोधू? बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "दुसरी आत्या हाये ना इथं."

पुतणी पुढे आली. मी फोन घट्ट धरला. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या डाव्या कानाला तोंड लावलं आणि लांबलचक कुर्रर्र केला. मग थांबली. नाव नाही सांगितलं. मान वर करून फोनकडे पाहून म्हणाली, "सांग आता. तुयासाठी थांबली मी."

मुलीनं नाव सांगितलं. स्वच्छ आलं. बाळानं उजवीकडे मान केली. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, इथे पुतणीच्या आणि तिकडे अकोल्यात मुलीच्या, तिच्या सासूनं अगदी बेतानं.

आता नाव सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं होतं. मी फोन उंच धरला. मुलीचं तोंड उघडं होतं आणि आवाज पुन्हा गेला. मी घाईघाईनं वर पाहिलं, नेटच्या रेघा पूर्ण होत्या. मुलाला विचारलं, आता काय झालं? पुतणीनं माझ्या हातातून फोन घेतला, पदरानं स्क्रीन पुसली, आणि म्हणाली, "काकू, नेट बराबर हाये. रडून राहिली ते."

फोनमधून कसाबसा आवाज आला, "ताई, तू सांग सगळ्याइले."

आणि तिनं सांगितलं.